बाळंतविड्यातली सीट

गोष्ट टेम्पोपासून सुरू होते, पण टेम्पोवाल्याचा यात दोष फार थोडा. त्यानं फक्त गाडी ठोकली. पुढचं सगळं घरच्यांनी घरी बसून केलं.

पियूष त्या दिवशी आईला आणि दीड वर्षांच्या मुलाला घेऊन जरीपटक्याहून परत येत होता. मागं एका बाजूला शोभाताई आणि त्यांच्या शेजारी गौरांग, लहान मुलांच्या सीटमध्ये पट्टे लावून बसवलेला. ही सीट म्हणजे मुग्धाचा, पियूषच्या बायकोचा हट्ट. गाडी घेतली तेव्हाच तिनं ती शोरूममधून बसवून घेतली होती. शोभाताईंना तेव्हा ती मुळीच आवडली नव्हती. "लेकरू का चोर हाय का, बांधून ठेवाले?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असत.

चौकात वळताना टेम्पो मागून तिरपा येऊन आदळला. मागचं दार आत दबलं, काचा फुटल्या आणि शोभाताईंचं मनगट मोडलं. गौरांगला मात्र साधं खरचटलंही नाही. तो पट्ट्यांसकट पुढे गेला, तसाच मागे आला आणि भोकाड पसरून रडायला लागला. शोभाताईंनी हे हातभर अंतरावरून पाहिलं. प्लॅस्टर घालताना त्या डॉक्टरांना स्वतःच्या मनगटाबद्दल काही सांगेनात, फक्त सीटबद्दल सांगत होत्या.

त्या दिवसापासून सीटचे दिवस पालटले. गाडी वर्कशॉपमध्ये गेली आणि सीट महाल भागातल्या घरी आली, देवघराच्या बाजूला. गल्लीतल्या बायका मनगटाची विचारपूस करायला येत आणि सीट बघून जात. "माह्या डोयानं पाह्यलं. जसं कोणी हातानं धरून ठेवलं लेकराले," असं शोभाताई सांगत. दोघीचौघींनी सीटला हात लावून कपाळाला लावला. यात हसण्यासारखं काही नाही. नातू जिवंत राहिल्यावर माणूस कशालाही हात जोडतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये आला तेव्हा मुग्धानं पियूषला विचारायला लावलं की सीटचं काय. पियूषला वाटत होतं सीट विम्यात येत नसणार. सर्व्हेअरनं कागद पाहिले आणि म्हणाला, "गाडीत ठेवलेलं सामान असतं तर नसती आली साहेब. पण ही तुम्ही गाडीसोबतच बसवली अन् पॉलिसीत तिची नोंद आहे. मिळते. नवीन सीट मिळते."

"पण तिला तर काही झालं नाही. तडा पण नाही."

"दिसत नाही. एवढा दणका एकदा झेलला की आतून काय झालं ते कोणीच सांगू शकत नाही. पुन्हा दणका बसला तर पट्टा धरेल का सुटेल, याची गॅरंटी नाही. म्हणून तर कंपनी बदलून देते. फक्त जुनी कोणी वापरायला नको. तिचे पट्टे कापा अन् कापलेल्या सीटचा फोटो टाका. बाकी मी पाहतो."

इतकं सोपं काम होतं. पियूष घरी आला, कैची घेतली आणि देवघराच्या बाजूला उकिडवा बसला. शोभाताईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं. प्लॅस्टरचा हात गळ्यात आणि दुसऱ्या हातात झारा, अशा त्या बाहेर आल्या.

"काय करून राहिला तू?"

पियूषनं सांगितलं. सर्व्हेअरनं सांगितलं होतं तेवढं नीट नाही, गुळमुळीत सांगितलं. आईसमोर त्याचं बोलणं नेहमी असंच अर्धं व्हायचं. धक्का बसलेली सीट बाद होते, एवढंच त्यानं म्हटलं.

"धक्का तं मलेबी बसला. मलेबी बाद करतं का?"

"आई, तसं नाही."

"ज्यानं तुह्या लेकराले धरून ठेवलं त्याच्यावर कैची चालवतं? हात तरी कसा उचलला रे तुहा?" आणि त्या खरोखर रडायला लागल्या. देवराव, म्हणजे पियूषचे वडील, गेल्यापासून आई रडली की पियूषच्या अंगातलं बळच जात असे. त्यानं कैची ठेवून दिली. दोन दिवस सर्व्हेअरचे फोन घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना आईनंच विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे आई. कंपनीवाले नाही म्हणून राहिले. सीट विम्यात येत नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात. पियूषकडे ती मुक्कामालाच होती. त्याला वाटलं, एवढ्यावर मिटलं. आईला रडू येणार नाही, सीट कोपऱ्यात पडून राहील, आणि गौरांगसाठी आपण पदरचे पैसे घालून दुसरी घेऊ. घेतलीही, थोड्या मोठ्या मुलांची. आईला सांगितलं की गौरांग आता वाढून राहिला, जुनीत मावत नाही. शोभाताईंनी गौरांगच्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं, एवढंच.

मात्र त्या एका खोट्यातून शोभाताईंनी जो अर्थ काढला, तो पियूषच्या स्वप्नातही नव्हता. कंपनीनं सीट बदलून दिली नाही, म्हणजे सीटला काही झालेलंच नाही. हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. "इतका मोठा साहेब पाह्याले आला होता. त्यानं बी सांगतलं, चांगली हाय म्हणून. बदलाची गरज नाही." साहेबानं नेमकं उलटं सांगितलं होतं, पण ते ठाऊक असलेली दोनच माणसं घरात होती आणि दोघंही खाली मान घालून जेवत होती.

खंडेनवमीला घरातली शिलाई मशीन, पियूषची स्कूटर आणि दुरुस्त होऊन आलेली गाडी यांच्या रांगेत सीटही बसली. तिला झेंडूची माळ, हळदकुंकू आणि नारळ. मुग्धानं फोटो काढला नाही, एवढाच तिचा विरोध.

पियूषची बहीण रितिका तेव्हा पोटुशी होती. सासर वर्ध्याचं, पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती महालातच राहायला आली. डोहाळजेवणाला घर बायकांनी भरलं होतं. ओटी भरून झाल्यावर शोभाताईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की बाळंतविड्यात बाकी काय असेल ते असेल, पण ही सीट असणार. बायकांनी माना डोलावल्या. रितिकाचे डोळे भरून आले. "आई, ते तं गौरांगची हाय न," ती म्हणाली, आणि मुग्धाकडे पाहिलं.

आता मुग्धानं काय म्हणावं? नको म्हटलं तर नणंदेला द्यायला जीव होत नाही असं होणार. ती म्हणाली, "घ्या ना ताई, त्यात काय." आणि रात्री खोलीत पियूषला धारेवर धरलं.

"तुम्ही सांगा आईंना. आई तुमच्या आहेत, बहीण तुमची आहे. मी बोलले तर जन्मभराचं नाव लागेल मला, की एक जुनी सीट द्यायला रडली."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं न."

पियूषनं अगदीच प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा त्यानं सीट उचलून माळ्यावर जुन्या कूलरच्या मागे टाकली. शोभाताईंनी दुसऱ्याच दिवशी ती खाली काढून घेतली, कव्हर रिठ्याच्या पाण्यात धुतलं आणि गच्चीत वाळवलं. एकदा तो म्हणाला, "रितिकासाठी आपण नवीनच घेऊ न आई. तिचं पहिलं बाळ हाय." शोभाताई हसल्या. "नवीन तं कोणीबी देते. पहिलं झबलं सुद्धा दुसऱ्याच्या लेकराचं जुनंच घालते न आपल्यात? ज्या घरचं लेकरू धडधाकट, त्या घरचं मागून आणते. हे तसंच समज." खरं तर एकच वाक्य बोलायचं होतं, की कंपनी हो म्हणाली होती. पण त्या वाक्याला आता फार दिवस झाले होते. जितका उशीर होत होता तितकं ते तोंडातून निघायला अवघड होत होतं. आधी फक्त सीट बाद झाली असती. आता आईचा खंडेनवमीचा नारळ, तिचं डोहाळजेवणातलं बोलणं, गल्लीत सांगितलेलं सगळं बाद होणार होतं. पियूषनं चालढकल केली आणि रितिकाला मुलगी झाली.

बाळ दोन महिन्यांचं झालं तसा वर्ध्याहून निरोप आला. जावई स्वानंद आणि त्याची आई देवकीताई माय-लेकीला न्यायला येणार होते. उन्हं तापायच्या आत निघायचं, म्हणून ते सकाळीच आले. महालातल्या त्या गल्लीत गाडी शिरते, पण वळत नाही. स्वानंदनं ती थेट दारापर्यंत आणून उभी केली.

बाळंतविडा बैठकीत मांडला होता. कुंच्या, दुपटी, झबली, चांदीचे वाळे, खुळखुळे, डिंकाच्या लाडवांचा डबा. आणि मधोमध सीट, तिच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक. देवकीताईंनी विचारलं तेव्हा शोभाताईंनी सगळी हकिगत पुन्हा सांगितली, टेम्पोपासून साहेबापर्यंत. त्या छान सांगत. ऐकता ऐकता देवकीताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"विहीणबाई, काय बोलू आता," त्या म्हणाल्या. "आपल्या नातवाचं राखण तुम्ही आमच्या नातीले देऊन राहिल्या."

"तुमची काय अन् आमची काय. माह्या पोरीचंच लेकरू हाय न," शोभाताई म्हणाल्या. किती दिवसांत त्यांचा चेहरा इतका खुललेला कोणी पाहिला नव्हता. मुग्धा दाराशी उभी राहून पियूषकडे बघत होती. पियूष गौरांगच्या बुटाची नाडी बांधत होता, आणि ती सुटलेली नव्हती.

"दादा, हे बसवायचं कसं?" स्वानंदनं विचारलं. "मले काही समजत नाही यातलं. तुम्हीच लावून द्या."

पियूषनं सीट उचलली. गाडीच्या मागच्या दारात वाकून त्यानं ती बसवली. दोन महिन्यांच्या बाळासाठी उलट्या तोंडानं लावायची असते, ते त्याला माहीत होतं. गाडीचा पट्टा तिच्यातून ओढून घेतला, हलवून पाहिली. हलली नाही. चांगली बसली होती. मुग्धानं शिकवलेलं सगळं त्यानं बरोबर केलं. मग रितिकानं बाळ आणलं आणि त्यानंच ते सीटमध्ये ठेवलं. छातीवर पट्टे लावताना त्याची बोटं बाळाच्या हनुवटीला लागली. बाळानं झोपेतच तोंड वाकडं केलं.

"झालं?" रितिकानं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

सगळ्यांच्या पाया पडून झालं. शोभाताईंनी गाडीवरून लिंबू उतरवलं. रितिका बाळाशेजारी बसली, देवकीताई पुढं. गाडी उलटी काढायची म्हणून पियूष मागे जाऊन उभा राहिला, हातानं खुणा करत. "येऊ द्या, येऊ द्या," तो म्हणत होता. गाडी हळूहळू त्याच्याकडे येत होती आणि मागच्या काचेतून त्याला सीटची पाठ दिसत होती. तो बाजूला झाला नाही. स्वानंदनं ब्रेक दाबला.

"थांबा," पियूष म्हणाला. "ती सीट काढा. बाळाला काढा त्यातून."

त्याला वाटलं होतं, एकदा तोंड उघडलं की सोपं जाईल. गेलं नाही. गाडीच्या खिडकीशी उभा राहून तो अडखळत बोलला, आणि प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी काहीतरी विचारत होतं. अपघातातली सीट पुन्हा वापरत नाहीत. पुढच्या धक्क्याला ती धरेलच असं नाही. साहेबानं पट्टे कापून टाकायला सांगितलं होतं.

"साहेब तं चांगली हाय म्हणे," शोभाताई म्हणाल्या. त्या ओसरीवरून खाली आल्या होत्या. "कंपनीनं नाही म्हटलं न तुले? विम्यात येत नाही म्हणून सांगतलं न?"

"कंपनी हो म्हणाली होती, आई. नवीन देणार होते. मीच नाही घेतली. तू रडली म्हणून."

रितिकानं तोवर बाळाला उचललं होतं. "दादा," ती म्हणाली, "अन् गौरांगले नवी घेतली, ते?"

पियूष मागच्या दाराशी वाकून सीटचा पट्टा सोडवायला लागला. त्यातच सगळं आलं.

"वहिनी, तुमालेबी माहीत होतं?"

मुग्धानं होय म्हणून मान हलवली. तिनं कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं, पण बाळ हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते सांगण्यात अर्थ नव्हता. आपण चार महिने मान राखत बसलो, आणि कोणाचा राखला हे तिला आता कळेना.

शोभाताईंनी गाडीच्या दाराला हात टेकला. त्यांचं ते मनगट अजून थंडीत दुखत असे. "म्हणजे तुह्या लेकराले नवी," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् माह्या पोरीच्या लेकराले मोडकी. अन् ते मी हळदकुंकू लावून देल्ली."

शेजारची बाई गच्चीतून वाकून बघत होती, ती आत गेली. देवकीताईंनी विषय सावरला, विहिणी सावरतात तसा, म्हणजे ऐकणाऱ्याला जन्मभर आठवेल असा. "राहू द्या विहीणबाई, मनाले लावून घेऊ नका. तुमाले काय माहीत. आमच्या घरी सगळी लेकरं मांडीवरच मोठी झाली."

पियूषनं सीट बाहेर काढली आणि भिंतीशी ठेवली. "भाऊजी, तुम्ही अर्धा तास थांबा. सदर भागात दुकान आहे, मी नवीन घेऊन येतो. लगेच येतो."

"राहू द्या दादा," स्वानंद म्हणाला. तो रागानं बोलला नाही, आणि तेच वाईट होतं. "ऊन होऊन राहिलं. वर्धा काय लांब नाही."

"गौरांगची लावतो तोवर."

"ती मोठ्या मुलांची," मुग्धा हळूच म्हणाली. "एवढ्या बाळाला नाही चालत."

तेव्हा रितिका बाळाला मांडीवर घेऊन मागे बसली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिनं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं दार ओढून घेतलं. निघताना तिनं आईकडे पाहून हात हलवला. भावाकडे पाहिलं नाही. गाडी पुन्हा उलटी निघाली. या वेळी मागे उभं राहून खुणा करायला कोणी सांगितलं नाही, तरी पियूष उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि गेली.

पियूषनं आतून कैची आणून तिथंच बसून सीटचे पट्टे कापले. कैची मोठी होती तरी एकेका पट्ट्याला वेळ लागला. ते फार जाड होते. कापून झाल्यावर ते पुरते निकामी दिसायला लागले आणि आता त्यांचा फोटो कोणालाच हवा नव्हता. क्लेम केव्हाच बंद झाला होता. त्याला वाटलं, ज्या दिवशी खरं बोललो त्याच दिवशी बाळ मांडीवर बसून गेलं. कालपर्यंत बोललो असतो तर आज सीट असती. डोहाळजेवणाला बोललो असतो तर आईनंच नवीन सीटला स्वस्तिक काढलं असतं. हे सगळं खरं होतं आणि त्याचा आता काहीच उपयोग नव्हता.

शोभाताई ओसरीवर फोन मांडीवर घेऊन बसल्या. मुग्धानं चहा आणला, तो तसाच निवला. त्यांनी आपली दोन्ही मुलं मांडीवर बसवून एस्टीनं, रिक्षानं, स्कूटरच्या पुढच्या बाजूला उभी करून वाढवली होती, आणि कधी एका क्षणाची काळजी केली नव्हती. आज गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला तरी त्या दचकत होत्या. गौरांग खेळत खेळत त्यांच्या पायाशी आला, तर त्याला त्यांनी घट्ट धरून ठेवलं. तो सुटायला बघत होता.

"आता बुटीबोरीच्या पुढे गेले असतीन," त्या आपल्याशीच म्हणाल्या. "तिकडं ट्रकाची मोठी गर्दी राहते."

पियूष त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. 

"काही होत नाही, आई," तो म्हणाला. "स्वानंद हळू चालवते. पोहोचतीन आरामात."

शोभाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्या फक्त बघत होत्या, हा खरं बोलतो आहे की आपल्याला रडू येऊ नये म्हणून बोलतो आहे ते ताडून बघत होत्या, आणि त्यांना ते ओळखता येत नव्हतं.

"तू तं असंच म्हणशीन," त्या म्हणाल्या. मग मान वळवून त्यांनी दारात उभ्या असलेल्या मुग्धाला विचारलं, "मुग्धा, तू सांग वं. काही होत नाही न?"